लाल गाडीचं इंजिन आणि एक भागाकार

१ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) पहिली एसटी सुटली, हे बऱ्याच मराठी माणसांना पाठ असतं. दरवर्षी १ जून आला की वर्तमानपत्रांत त्या गाडीची आठवण छापून येते. तीस आसनांची बेडफर्ड, लाकडी बॉडी, काथ्या भरलेल्या गाद्या. आपण ते कौतुकाने वाचतो आणि पान उलटतो. पण त्या गाडीचं इंजिन पुढे कधीतरी दमलं असेल, धूर सोडायला लागलं असेल, तेव्हा आगारातल्या माणसांनी काय केलं असेल? हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. मला तो हल्ली पडला, आणि डोक्यातून जाईना म्हणून हे लिहायला बसलो.

पडण्याचं कारण थोडक्यात सांगतो. आमच्या तालुक्यातल्या एका छोट्या शिक्षणसंस्थेची शाळेची बस आहे, अकरा वर्षांची. गेल्या पावसाळ्यात तिचं इंजिन कुरकुरायला लागलं. सकाळी सुरू करताना निळा धूर, चढाला जीव नाही, आणि दर चार-पाच दिवसांनी ऑइल घालायचं. संस्थेत लगेच दोन तट पडले. एका बाजूचं म्हणणं, "चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला कशाला? नवीन इंजिन टाका, नाहीतर गाडीच विका." दुसऱ्या बाजूचं म्हणणं, "पैसे काय झाडाला लागलेत? इंजिनकाम करून घ्या, अजून दहा वर्षं चालेल." दोन्ही तटांत माझे जुने विद्यार्थी, म्हणून मला बोलावणं आलं. यंत्रातलं कळतं म्हणून नव्हे बरं का! मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस मी. पण वर्गात इतिहास शिकवण्यात बरीच वर्षं गेली, त्यामुळे एक खोड लागली आहे. कोणताही प्रश्न समोर आला की मी आधी विचारतो, असं पूर्वी कधी झालं होतं का, आणि तेव्हा लोकांनी काय केलं?

तर झालं होतं. आणि एकदा नव्हे, हजारो वेळा!

सुरुवातीच्या एसटीकडे दहा मेकच्या गाड्या होत्या. शेव्हरले, फोर्ड, बेडफर्ड, सेडन, स्टुडबेकर, मॉरिस कमर्शिअल, आल्बियन, लेलँड, कॉमर आणि फियाट. नावं वाचताना मौज वाटते, जणू साहेबांच्या क्लबातली हजेरी चालली आहे. पण हीच यादी आगारातल्या स्टोअरकीपरच्या जागी उभं राहून वाचून बघा. दहा मेक म्हणजे दहा तऱ्हेचे पिस्टन, दहा तऱ्हेच्या रिंगा, दहा तऱ्हेची बेअरिंगं, आणि एकाचं काही दुसऱ्याला बसायचं नाही. सामान यायचं परदेशातून, बोटीने. परकीय चलनाची चणचण तर विचारूच नका.

त्यात १९५३ साल उजाडलं. टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर सरकारने धोरण ठरवलं की ज्यांना गाडी खरोखर भारतात बनवायची आहे त्यांनीच इथे राहावं, बाहेरून सुटे भाग आणून नुसती जोडणी करणाऱ्यांनी आपला गाशा गुंडाळावा. जनरल मोटर्सचा मुंबईत शिवडीला १९२८ पासून जोडणीचा कारखाना होता, तो १९५४ मध्ये बंद झाला. फोर्डही गेली. धोरण म्हणून ते योग्यच होतं, पुढे त्यातूनच आपले कारखाने उभे राहिले. पण त्या दिवशी आगारात उभ्या असलेल्या शेव्हरलेचं काय? गाडी रस्त्यावर आणि कंपनी बोटीवर, अशी गत! नवीन इंजिन आणायचं कुठून?

म्हणजे त्या पिढीपुढे "दुरुस्ती की बदली" असा प्रश्नच नव्हता. दुरुस्ती हा एकच रस्ता होता, आणि तो माणसं शिकत गेली. सिलिंडर झिजून अंडाकृती झाला की तो बोअर करून पुन्हा गोल करायचा, थोडा मोठा झाला म्हणून पिस्टनही थोडा मोठा घालायचा. क्रँकशाफ्ट झिजला की ग्राइंड करून बारीक करायचा आणि तेवढं जाड बेअरिंग बसवायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हा हिशेब लेथवर उभं राहून करणारी माणसं शाळेत गणितात पास झालेली असायचीच असं नाही!

आणि मग हळूहळू भाग इथेच बनू लागले. १९४६ साली पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स निघाली. १९४९ मध्ये मद्रासला इंडिया पिस्टन्स. आमच्या दक्षिण महाराष्ट्रात कोल्हापूरच्या उद्यमनगरात ओतकामाच्या भट्ट्या पेटल्या, तिथे इंजिनाचे भाग ओतून, घासून, जुळवून मिळू लागले. कोल्हापूरला गेलेला माणूस अंबाबाईचं दर्शन घेऊन येतो तसा इंजिनवाला उद्यमनगरला जाऊन येत असे.

इंजिन मुळातून बदलण्याचा एक मोठा प्रकार मात्र त्याच काळात घडला, तो म्हणजे पेट्रोलचं डिझेल होणं. इंग्लंडच्या पर्किन्स कंपनीचं पी-६ हे सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन जुन्या पेट्रोल ट्रकांत आणि बसगाड्यांत बसवता येत असे, आणि मद्रासची सिम्प्सन कंपनी पर्किन्सची इंजिनं भारतात बनवू लागली. इथे लक्षात घ्या, पेट्रोलचं इंजिन बिघडलं म्हणून फेकलं असं नव्हे. चालू असलेलंही काढलं, कारण रोजचा इंधनाचा खर्च डिझेलने खाली येत होता. म्हणजे बदलायचं कारण इंजिनात नव्हतं, इंजिनाबाहेर होतं. ही गोष्ट मी वहीत अधोरेखित करून ठेवली. पुढे कामाला येणार आहे.

१९५४ मध्ये टाटांनी डायमलर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीजची डिझेल वाहनं निघू लागली. १९५५ मध्ये मद्रासच्या अशोक मोटर्सची अशोक लेलँड झाली. एसटीचा ताफा पुढे मुख्यतः या दोन घराण्यांवर आला. दहाचे दोन झाले, आणि ह्या साध्या गोष्टीतून दुरुस्ती आणि बदली यांच्या मधला एक तिसरा रस्ता उघडला.

तो असा. समजा आगारातल्या एका गाडीचं इंजिन गेलं. ते तिथेच खोलून दुरुस्त करत बसलं तर गाडी आठ-पंधरा दिवस उभी राहणार. म्हणून ते इंजिन अख्खं बाहेर काढायचं, त्याच मेकचं आधीच दुरुस्त करून तयार ठेवलेलं इंजिन त्या जागी बसवायचं, आणि गाडी लवकरात लवकर मार्गावर सोडायची. काढलेलं इंजिन कार्यशाळेत जातं, तिथे सावकाश, नीट, मोजमाप करून पुन्हा नव्यासारखं होतं आणि तिसऱ्याच कुठल्यातरी गाडीत जाऊन बसतं. आपल्या राज्यात एसटीच्या मध्यवर्ती कार्यशाळा तीन आहेत. पुण्याजवळ दापोडी, छत्रपती संभाजीनगरला (तेव्हाचं औरंगाबाद) चिकलठाणा आणि नागपूरला हिंगणा. बॉडी बांधण्याबरोबरच इंजिनासारखे मोठे भाग पुन्हा जुळवून देणं हे त्यांचं काम. म्हणजे तुम्ही ज्या लाल गाडीतून आजोळी गेलात तिचं इंजिन तिच्या जन्माचं असेलच असं नाही. एखाद्या गाडीचं इंजिन कोकणातून विदर्भात "माहेरपणाला" जाऊन आलेलं असायचं म्हणा ना!

गंमत अशी की इंजिन असं फिरत असताना गाडीचं शरीरही बदलत होतं. लाकडी बॉडी गेली, पोलादी आली. पोलाद गंजतं, कोकणात तर फारच, म्हणून १९६० मध्ये अॅल्युमिनियमची बॉडी आली. आणि अलीकडे २०१८ च्या सुमारास, अपघातात अॅल्युमिनियमचा पत्रा टिकाव धरत नाही म्हणून, महामंडळ पुन्हा पोलादी बॉडीकडे वळलं. म्हणजे कधी इंजिन बॉडीपेक्षा जास्त जगलं, कधी बॉडी इंजिनापेक्षा. दोघांचं आयुष्य एकाच दिवशी संपलं असं क्वचितच झालं असेल. सगळी गोम इथेच आहे.

हे पटवायला थोडं लांबचं उदाहरण घेतो. बसगाड्यांच्या दुरुस्तीचा हाच प्रकार एका शहराने जगात सर्वांत मोठ्या थाटात केला, ते शहर म्हणजे लंडन. तिथली लाल दुमजली रूटमास्टर बस आपण चित्रांत पाहिलेली असते. तिचा पहिला नमुना १९५४ चा, प्रवासी घेऊन ती धावू लागली १९५६ मध्ये, आणि १९६८ पर्यंत अशा सुमारे २,८०० गाड्या बांधल्या गेल्या. लंडन ट्रान्सपोर्टने आल्डनहॅम इथे एक प्रचंड कार्यशाळा काढली होती, १९५६ पासून ती पूर्ण जोमाने चालू झाली. गाडी आत आली की क्रेनने बॉडी उचलून बाजूला, खालचे भाग वेगळे, सगळं दुरुस्त होऊन पुन्हा जुळणार. ज्या बॉडीखाली जे भाग होते तेच परत मिळतील असा आग्रह नाही. रूटमास्टरची रचनाच मुळी अशी खोलता-जोडता येईल अशी केली होती, आणि बॉडी अॅल्युमिनियमची.

आल्डनहॅम १९८६ मध्ये बंद झालं. पण गाड्या अजून ठणठणीत होत्या! मग १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांतल्या पुष्कळ गाड्यांची जुनी इंजिनं काढून नवी घातली, काहींत इटलीच्या इव्हेकोची आणि काहींत कमिन्सची. (कमिन्स म्हणजे तीच अमेरिकन कंपनी, जिच्या भागीदारीत १९६२ साली पुण्यात किर्लोस्कर कमिन्स निघाली.) तीस वर्षं जुन्या गाडीत कोरं करकरीत इंजिन! आमच्या संस्थेतल्या पहिल्या तटाने ऐकलं असतं तर म्हणाले असते, बारा आण्याचा मसाला. पण लंडनवाल्यांचा हिशेब चुकला नाही, कारण बॉडी अजून टिकणार होती. नव्या इंजिनाने ती गाडी पुढे दहा-बारा वर्षं ओढली. शेवटी ९ डिसेंबर २००५ रोजी नेहमीच्या मार्गांवरून रूटमास्टर गेली, ती इंजिनामुळे नव्हेच. मागच्या उघड्या पायऱ्यांवरून चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला चढता येत नव्हतं, आणि गाडीला चालकाखेरीज वाहकाचा पगार लागत होता. पुन्हा तेच. निवृत्तीचं कारण इंजिनाबाहेरचं.

आता येतो भागाकाराकडे.

संस्थेच्या बैठकीत दोन्ही बाजू आकडे मांडत होत्या, पण दोघांचं लक्ष वरच्या आकड्याकडे. दुरुस्तीला किती, नव्याला किती. मी फळ्यावर (सवय!) एक उदाहरण मांडलं. समजा दुरुस्तीला दीड लाख लागले आणि तीन-चार वर्षं मिळाली. समजा नव्या इंजिनाला चार लाख लागले आणि कंपनी म्हणते दहा वर्षं चालेल. वरवर पाहता नवं स्वस्त. चार लाख भागिले दहा, म्हणजे वर्षाला चाळीस हजार. पण थांबा! इंजिन दहा वर्षं चालेल हो, गाडी चालेल का? अकरा वर्षांची झाली आहे. खालचा सांगाडा गंजायला लागला आहे. आठ वर्षांवरच्या वाहनाला दरवर्षी फिटनेस सर्टिफिकेट घ्यावं लागतं. ती आणखी चार वर्षं शाळेची बस म्हणून राहिली तरी पुष्कळ. म्हणजे खाली दहा लिहायचे नाहीत, चार लिहायचे. चार लाख भागिले चार, वर्षाला एक लाख. आणि दुरुस्तीचे? दीड लाख भागिले चार, साडेसदतीस हजार. तीनच वर्षं मिळाली तरी पन्नास हजार.

इंजिनाचं आयुष्य आणि गाडीचं उरलेलं आयुष्य, यांतला जो आकडा लहान तो खाली लिहायचा. एवढंच गणित आहे. लंडनच्या गाडीचा खालचा आकडा मोठा होता म्हणून तिथे नवं इंजिन शहाणपणाचं ठरलं. आमच्या बसचा लहान आहे म्हणून इथे ते उधळपट्टी ठरेल. आणि हीच बस चार वर्षांची असती, तर मी स्वतः उठून नव्या इंजिनाच्या बाजूने हात वर केला असता.

पण भागाकार करण्याआधी एक प्रश्न राहतोच. इंजिन खरोखर गेलं आहे का? संस्थेने ज्याला गाडी दाखवली तो गॅरेजवाला माझाच जुना विद्यार्थी. वर्गात मागच्या बाकावर बसायचा, आता पंचक्रोशीत त्याच्या हाताला नाव आहे. मी विचारलं, "अरे, खरं सांग, संपलं का रे हे?" तर म्हणाला, "सर, इंजिन दमलंय हो, मेलं नाही अजून."

मग त्याने मला धुराचा धडा शिकवला. काळा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही, नोजल बघा, पंप बघा, एअर फिल्टर चोंदलाय का बघा. पांढरा धूर गाडी तापल्यावरही थांबत नसेल तर पाणी आत जातंय का, हेड गॅस्केट गेलंय का बघा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, रिंगा आणि लायनर झिजलेत किंवा व्हॉल्व्हच्या सीलमधून ऑइल उतरतंय. ऑइल भरायचं झाकण चालू इंजिनावर उघडलं की तिथून भकाभका वाफारा येतो, त्याला हे लोक "बॅक कॉम्प्रेशन" म्हणतात. आणि शेवटी प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजायचं, म्हणजे अंदाजाला जागा राहत नाही. "सर, निम्मी माणसं नोजलच्या दुखण्याला इंजिन गेलं म्हणतात," हे त्याचं वाक्य. आमच्या बसचे दोन सिलिंडर कमी निघाले, बाकीचे ठीक. क्रँकशाफ्ट शाबूत.

त्याच्याकडून आणखी एक कळलं. इंजिन दुरुस्त होणार की नाही हे बरंचसं ते जन्माला येतानाच ठरलेलं असतं. काही इंजिनांत सिलिंडरच्या आत वेगळी नळी असते, लायनर. झिजली की काढून नवी घालायची. अमेरिकेतल्या पिवळ्या स्कूल बसमध्ये (आमची तिकडची नातवंडं रोज बसतात ती) वर्षानुवर्षं इंटरनॅशनल कंपनीचं डीटी-४६६ नावाचं इंजिन लोकप्रिय होतं, ते याच गुणामुळे. इंजिन गाडीतून न उतरवता लायनर-पिस्टन बदलता येत. उलट काही इंजिनांत लायनर नसतोच, ब्लॉकलाच भोक पाडलेलं असतं. कमिन्सचं ५.९ लिटरचं प्रसिद्ध इंजिन असं आहे. ते वाईट नव्हे, अतिशय दणकट, पण झिजलं की उतरवून बोअर करायलाच हवं. आणि १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत तर सेन्सर, संगणक, धूर गाळण्याची यंत्रणा, युरियाचं पाणी असा सगळा संसार आहे. तिथे गावातल्या गॅरेजवाल्याचा हात आखडतो. आमची बस बीएस-३ च्या काळातली, म्हणून निदान हा प्रश्न आमच्या हातात तरी होता. आणखी दहा वर्षांनी कदाचित तोही राहणार नाही.

बैठकीत एक मधला प्रस्तावही आला होता. भंगारात निघालेल्या गाडीचं जुनं इंजिन स्वस्तात मिळतंय, ते टाकू या. मी म्हटलं, एसटी दुसऱ्या गाडीचं इंजिन घालते खरी, पण ते तिच्याच कार्यशाळेत मोजून-मापून निघालेलं असतं. बाजारातल्या इंजिनाचं कुळशील कोण सांगणार? शिवाय आरसी बुकात चासी नंबराबरोबर इंजिन नंबरही असतो. इंजिन बदललं की आरटीओत नोंद बदलायला हवी, विमा कंपनीला कळवायला हवं, आणि त्या इंजिनाची पावती-कागद हवेत. मुलं बसवायच्या गाडीत बिनकागदाचं इंजिन? नको रे बाबा.

आता जरा गंभीर बोलतो. नोव्हेंबर १९९७ मध्ये दिल्लीत वझिराबादच्या पुलावरून शाळेची बस यमुनेत कोसळली आणि २८ मुलं गेली. त्यानंतर डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळेच्या बसगाड्यांसाठी बंधनं घातली, ताशी ४० किलोमीटरचा वेग-नियंत्रकही त्यातच आला. आपल्या राज्यात २०११ मध्ये स्कूल बससाठी स्वतंत्र नियमावली झाली. हे सगळं नियम म्हणून सांगत नाही. सांगायचं ते असं की इंजिन बंद पडलं तर गाडी उभी राहते. मुलांना उशीर होतो, जीव जात नाही. ब्रेक, स्टिअरिंग, टायर, चालकाचं भान, यांतलं काही बंद पडलं तर काय होतं ते आपण जाणतो. पण इंजिनाचा धूर दिसतो, आवाज ऐकू येतो, म्हणून सगळे पैसे त्याच्याकडे धावतात. ब्रेक गुपचूप झिजतो. म्हणून मी संस्थेला एकच अट घातली, इंजिनाचं काहीही ठरवा, आधी ब्रेक, स्टिअरिंग आणि टायरचे पैसे बाजूला काढा. उरतील त्यात इंजिनाचं बघा. ह्या एका मुद्द्यावर दोन्ही तटांचं एकमत झालं, हे नमूद करायला हवं.

शेवटी ठरलं ते असं. लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंगं, नोजल, म्हणजे पुरतं इंजिनकाम. आणि चार वर्षांनी नवी गाडी घ्यायची हे आजच गृहीत धरून दरमहा थोडी रक्कम वेगळ्या खात्यात. काम कधी करायचं यावर मात्र थोडी चर्चा झाली. एसटीकडे फिरतं इंजिन असतं, एका शाळेकडे कुठून असणार? मग लक्षात आलं, शाळेकडे फिरतं इंजिन नसलं तरी सुट्टी असते! नोजल लगेच साफ करून घेतले, ऑइलवर रोज नजर ठेवली, आणि दिवाळीच्या सुट्टीत इंजिन खाली उतरवलं. शाळा उघडली त्या दिवशी गाडी हजर. एकही दिवस बुडला नाही.

"एकही दिवस बुडला नाही" हे वाक्य मला सगळ्या हिशेबात महत्त्वाचं वाटतं, कारण भागाकारातल्या वरच्या आकड्यात ते कोणीच धरत नाही. दुरुस्तीचं बिल दिसतं, डिझेलचं बिल दिसतं. गाडी न आल्याचं बिल कुठेच येत नाही. ते हजेरीपटावर येतं. खेड्यातल्या शाळेत ज्यांनी हजेरी घेतली आहे त्यांना ते वाचता येतं. तीन दिवस गाडी आली नाही की चौथ्या दिवशी मुलगा सायकलने येतो, चालत येतो, कोणाच्या तरी ट्रॅक्टरवर बसून येतो. मुलगी येत नाही. अंधार पडतो, वाट चांगली नाही, घरी काम आहे, अशी कारणं येत राहतात आणि सहामाहीनंतर तिचं नाव पटावर नुसतं नावापुरतं उरतं. अहिल्याबाई होळकरांच्या नावाने मुलींना शाळेसाठी एसटीचा मोफत पास मिळू लागला, मानव विकास कार्यक्रमात मागास १२५ तालुक्यांत मुलींसाठी निळ्या गाड्या आल्या, ते हे ओळखूनच. पण पास फुकट असला तरी तो गाडी आली तरच चालतो ना?

दापोडी, चिकलठाणा, हिंगण्याच्या कार्यशाळांत तेलकट कपड्यांत ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांची इंजिनं पुन्हा उभी केली, त्यांच्यातल्या कोणाला असं वाटलं असेल का की आपण मुलींच्या शिक्षणाचं काम करतो आहोत? बहुधा नसेल. ते फक्त सकाळची पहिली फेरी रद्द होऊ नये म्हणून झटत होते. पण त्या पहिल्या फेरीतच शाळेची पोरं असायची.

तुमच्यापैकी कोणावर असा निर्णय घ्यायची वेळ आली, मग ती शाळेच्या बसची असो, सोसायटीच्या पंपाची असो की शेतातल्या इंजिनाची, तर एवढंच करा. आधी खरोखर गेलंय का ते मोजून घ्या. मग खालचा आकडा नीट लिहा. आणि वरच्या आकड्यात, ते यंत्र थांबल्यावर कोण घरी बसणार आहे, तेही धरा. उत्तर आपोआप समोर येतं.